बुधवारची माणसं

कवठेमहांकाळच्या भाऊंचा आवाज मला पाठ होता, चेहरा मात्र मी कधी पाहिलाच नाही. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला माणूस. कॅमेरा त्यांनी कधी लावला नाही. "ताई, त्यानं रेंज लय खाते," म्हणायचे. दर बुधवारी रात्री साडेआठला झूमवर आमची प्रार्थनासभा सुरू व्हायची. प्रार्थनेची पाळी त्यांच्यावर आली की ते आधी पावसाबद्दल देवाचे आभार मानायचे, पाऊस पडलेला असो वा नसो. मग एकेकाचं नाव घेऊन मागायचे. माझ्या मुलीची दहावी, जतच्या मावशींचे गुडघे, दुबईला गेलेल्या एका पोराची नोकरी, यातलं काही त्यांच्याकडून सुटायचं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये दोन बुधवार भाऊ आले नाहीत. आम्हाला वाटलं, रिचार्ज संपला असेल. तिसऱ्या बुधवारी त्यांच्याच नंबरवरून सुनेचा मेसेज आला, की पप्पा ११ तारखेला गेले. ११ तारीख म्हणजे बुधवारच. त्या रात्री आम्ही नेहमीसारखी सभा घेतली होती आणि मी विचारलंही होतं, "भाऊ आले नाहीत का आज?"

शनिवारी आम्ही चौघं कवठेमहांकाळला गेलो. पत्ता सुनेनं फोनवर सांगितला. तीन वर्षं ज्यांच्याबरोबर प्रार्थना केली त्यांचं घर कुठं आहे हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. सुनेनं पाणी दिलं आणि विचारलं, "तुमी म्हंजे ते मोबाईलमधले का?" तिच्या विचारण्यात राग नव्हता, पण मला त्या घोटाबरोबर काहीतरी गिळावं लागलं. मग तिनं सांगितलं की गावात आपली ख्रिस्ती घरं मोजकीच. खड्डा गल्लीतल्या पोरांनी काढला, पेटी शेजाऱ्यांनी उचलली, पाळकसाहेब मिरजेहून दुपारी पोचले तोवर सगळे उन्हात थांबले होते. आम्ही बासष्ट जण होतो. आमच्यातल्या एकाचाही खांदा त्या पेटीला लागला नाही.

परत येताना गाडीत कुणी फार बोललं नाही. मिरज जवळ आल्यावर आमच्यातले एक जण, दवाखान्यात लॅबमध्ये काम करतात ते, म्हणाले, "आता आपली एक जागा पाहिजे." सगळ्यात आधी "हो" मी म्हणाले. पुढचं वर्षभर जे झालं त्याची सुरुवात ही अशी.

आमची ही मंडळी, म्हणजे मिळून उपासना करणारा गट, मुद्दाम कुणी काढली नव्हती. मार्च २०२०च्या लॉकडाऊनमध्ये देवळांना कुलपं लागली, तेव्हा आम्ही शाळेतल्या चार शिक्षिका फोनवर प्रार्थना करायला लागलो. मग झूम आलं. फुकटच्या झूमवर चाळीस मिनिटं झाली की सभा तुटायची, ती बरोबर कुणाच्या तरी प्रार्थनेच्या मधोमध, आणि सगळे पुन्हा लिंक उघडून आत आले की तो माणूस तुटलेल्या वाक्यापासून पुढं सुरू करायचा. राज्यातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, दुसऱ्या लाटेत परत बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. लोक आपापल्या मंडळीत परतले. बुधवार मात्र कुणी सोडला नाही. उलट माणसं वाढली. त्यात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची होती, मुक्तिफौजेची म्हणजे साल्व्हेशन आर्मीची होती, दोन घरं पेंटेकॉस्टल, आणि काही जण कुठल्याच मंडळीच्या वहीत नाव नसलेले.

मला जागा का हवी होती हेही सांगायला हवं. मी मिरजेत मिशनच्या आवारात वाढले. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये उभा केलेला तो दवाखाना, माझे वडील तिथं कंपाउंडर. रविवारी घंटा झाली की आई आमच्या वेण्या अर्ध्यावर सोडून "चला चला" म्हणायची. शब्बाथ शाळा, नाताळचे तारे, कापणीच्या सणाला वेदीपुढं मांडलेली ज्वारीची कणसं आणि भोपळे, त्यांचा नंतर होणारा लिलाव. देव म्हटलं की माझ्या नाकाला चुना आणि जुन्या लाकडी बाकांचा वास येतो. पडद्यावरच्या चौकोनांना वास नसतो. म्हणून जागा शोधायला मी हौसेनं निघाले.

शाळा सुटली की मी आणि लॅबवाले भाऊ स्कूटरवरून फिरायचो. पहिला गाळा सांगलीत विश्रामबागेत, शंभर फुटी रस्त्याच्या आत. महिना चौदा हजार भाडं, एक लाख अनामत. मालक भला माणूस. चहा पाजला, आणि कशासाठी हवाय विचारल्यावर मी खरं सांगितलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "ताई, माझी ना नाही. पण सोसायटीतले विचारतात, तिथं धर्मांतर चालणार का म्हणून. मला कटकट नको." मी त्यांना म्हटलं, आमच्यात निम्म्या तर गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या आहेत. ते हसले, पण गाळा दिला नाही. ती रात्र मला जड गेली. ज्या शहरात मी पंचवीस वर्षं मुलांना मराठी शिकवते तिथं मला माझी प्रार्थना समजावून सांगायला लागली.

गावभागातलं एक जुनं घर स्वस्तात मिळत होतं. खाली मोठी खोली, पंचेचाळीस माणसं सहज बसतील अशी. आत गेल्यावर भिंतीकडे लक्ष गेलं. माझ्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर तपकिरी रेघ, सगळ्या खोलीभर एकसारखी, जणू कुणी दोरी धरून ओढलेली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. घरमालकीण म्हणाल्या, "रंग देऊन घेऊ की." रंग दिला तरी रेघ जाणार नव्हती. बाकं, बाजाची पेटी, गीतांची पुस्तकं दर पावसाळ्यात माळ्यावर चढवायची कुणी? आमच्यात चढू शकणारे चौघेच.

मग कुणीतरी कुपवाडच्या बाजूला दोन गुंठ्यांचा तुकडा दाखवला. नोटरी करून देतो म्हणाला. आमच्यातल्या एकांचे जावई वकील आहेत. त्यांनी कागद बघून लगेच हात जोडले. शेतजमिनीचा एवढा तुकडा घेणं म्हणजे तेव्हाच्या तुकडेबंदी कायद्यात अडकणं, सातबाऱ्यावर नाव लागणार नाही, बिनशेती नसताना बांधकाम करता येणार नाही. त्याच बैठकीत त्यांनी पुढचंही समजावलं. जागा कुणाच्या नावावर घेणार? एकाच्या घेतलीत तर उद्या त्याच्या वारसांची. संस्थेच्या घ्यायची तर किमान सात जण, घटना, नियमावली, १८६०च्या कायद्याखाली संस्था आणि १९५०च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी. दरवर्षी हिशेब तपासून द्यायचे. विश्वस्त बदलला की बदल अर्ज. आणि एकदा का जागा न्यासाची झाली की विकायला आयुक्तांची आधी परवानगी, कलम ३६. "आणि आत्ता वर्गणी कुणाच्या खात्यावर घेताय?" त्यांनी विचारलं. माझ्या. गूगल पेवर. चौऱ्याहत्तर हजार जमले होते, मी शाळेच्या डायरीत नावानिशी लिहून ठेवले होते. ते म्हणाले, "मावशी, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण ही डायरी म्हणजे हिशेब नव्हे."

कायद्याची मला भीती वाटली नाही. नीट वाचलं तर तो बराचसा शहाणपणाचा आहे. जागेच्या मागून जे येतं त्याची मात्र धास्ती बसली. मिशनच्या जुन्या मालमत्तांवरून आपल्याकडं किती मंडळ्या दोन झाल्या, किती पाळकांची उमर कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली, हे आमच्या समाजात सगळ्यांना माहीत आहे, फक्त मोठ्यानं कुणी बोलत नाही. माझ्या वडिलांच्या पिढीतले दोन जिवलग मित्र एका आवारातल्या खोल्यांवरून बोलायचे बंद झाले, ते शेवटपर्यंत. दोघेही भले होते.

जूनमध्ये एका बुधवारी प्रार्थना बाजूला ठेवून आम्ही फक्त याच विषयावर बोललो. दोन तास. सांगली-मिरजेकडच्यांना जागा हवी होती. जत, आटपाडी, विट्याकडचे गप्प होते. पुणे, मुंबई, दुबईची मंडळी "तुम्ही ठरवाल ते" म्हणत होती, आणि हे वाक्य माणूस कधी म्हणतो ते मला कळतं. आपल्याला धरलेलं नाही हे लक्षात आल्यावर.

साताऱ्याचे एक निवृत्त प्राध्यापक आमच्यात आहेत. ते बराच वेळ ऐकून शेवटी म्हणाले की रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यातच देवाचा दरबार सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशीच न घेतलेल्यांनाही. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. "पण मला त्यातलं एक महत्त्वाचं वाटतं," सर म्हणाले. "माणूस आत आहे की बाहेर हे ठरवायला त्यांनी उंबरा केला नाही. आपण जागा केली की उंबरा होणारच. तो कुणाला अडवेल ते आधी बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला एकीचा मेसेज आला. तिचं गाव मी सांगणार नाही. ती येशूला मानते हे तिच्या घरात कुणाला माहीत नाही. बुधवारी साडेआठला ती भाकऱ्या करते, एका कानात इअरफोन, वर पदर. आम्ही बोलत असतो तेव्हा तिच्याकडून म्यूट. तीन वर्षांत ती एकदाच बोलली होती, घरचे लग्नाला गेले होते त्या दिवशी. तिनं लिहिलं होतं, "ताई, जागा झाली तर चांगलंच आहे. मला यायला जमणार नाही. फक्त बुधवार बंद करू नका." शाळेचा पहिला तास होता. मी फळ्याकडं तोंड करून थोडा वेळ उभी राहिले.

आता एकीकडं भाऊंची पेटी आणि एकीकडं ही तव्यापुढची बाई. दोघांपैकी एकाला सोडून मला उत्तर नको होतं.

मी शास्त्र, म्हणजे बायबल, पुन्हा काढून बसले. एकत्र मिळणं सोडू नका, असं इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात आहे. जागेच्या बाजूचे सगळे तेच दाखवत होते. पण मला थांबवलं ते योहानाच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटानं. लिहायला पुष्कळ आहे, पण कागद आणि शाईनं लिहावंसं वाटत नाही, तुमच्याकडं येऊन तोंडोतोंड बोलायची आशा आहे, असं तो म्हातारा लिहितो. म्हणजे त्यांच्याही काळात लांबची मंडळी होती, आणि जोडून ठेवायला पत्रं होती. पत्रं त्यांनी थांबवली नाहीत, आणि ती पुरेशी आहेत असंही मानलं नाही. तोंडोतोंड बोलायला ते निघाले ते कुणाच्या तरी घरी. प्रिस्किल्ला आणि अक्विल्लाच्या घरात मंडळी, फिलेमोनाच्या घरात मंडळी. ख्रिस्ती उपासनेची म्हणून ओळख पटलेली सगळ्यात जुनी जागा सीरियात दुरा-युरोपोसला सापडली, तीही तिसऱ्या शतकातली, आणि मुळात राहतं घरच.

मी सुचवलं, ठरवण्याआधी तीनदा भेटून बघू.

पहिली भेट मिरजेत एका काकूंच्या घरी, ऑगस्टमध्ये. एकतीस जण आले. जतच्या मावशी एसटीनं दोन-अडीच तास बसून आल्या. दारात प्रत्येक जण आधी समोरच्याचं तोंड बघायचा, मग आवाज ऐकला की "अगं तू!" म्हणून मिठी. गाणं सुरू केलं. 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं, सगळ्यांना तोंडपाठ असलेलं. दुसऱ्याच ओळीत आमचं गाणं फाटलं. कुणी पुढं, कुणी मागं. झूमवर आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, सगळे मिळून गाताच येत नाही. म्हणून एकानं गायचं आणि बाकीच्यांनी म्यूट करून आपापल्या घरी त्याच्याबरोबर म्हणायचं. तीन वर्षं प्रत्येक जण एकटाच गात होता, आणि ज्याची त्याची चाल वेगळी होऊन बसली होती. कुणाला कळेना थांबावं की ओढावं. मग काकूंनी डाव्या हाताच्या तळव्यावर उजव्या हाताची दोन बोटं आपटत ताल धरला. हळूहळू एकेक आवाज त्यांच्या बोटांपाशी आला. चौथ्या कडव्याला एकतीस जण एकत्र होते. मी गाऊ शकले नाही, नुसतं ऐकलं.

नंतर जेवण. पाळकसाहेबांना आम्ही आधी विचारलं होतं. ते स्वच्छ बोलले. "भाकर-द्राक्षारसाचं प्रभुभोजन तुम्ही तुमच्या तुमच्यात घेऊ नका, त्याला दीक्षित पाळक लागतो. आणि तुमच्यात मुक्तिफौजेचे आहेत, ते हा विधी पाळत नाहीत. ज्यांचा बाप्तिस्मा नाही त्यांचं काय करणार? प्रीतिभोजन करा, साधं एकत्र जेवण. त्याला कुणाला उठवावं लागत नाही." मग शाळूची भाकरी, वांग्याचं कालवण, शेंगाची चटणी. जतच्या मावशींनी आपली भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाल्या, "लॉकडाऊनपासून तुझा आवाज खातीया, आज हातचं खा."

दुसऱ्या भेटीला आम्ही लांबच्यांसाठी मोबाईल स्टँडवर लावला. ते फार वाईट झालं. त्यांना पंख्याची घरघर आणि आमच्या पाठी एवढंच मिळालं. आम्ही हसलो की का हसलो ते त्यांना कळेना. पुण्याच्या एक ताई पंधरा मिनिटांनी निघून गेल्या. बुधवारी म्हणाल्या, "माझ्या घरी माझाच फोटो भिंतीला लावल्यासारखं वाटलं." त्यांचं बरोबर होतं. झूमवर सगळे सारख्याच मापाच्या चौकोनात असतात, सांगलीची आणि दुबईची. एका खोलीत तीस जण बसले आणि बाकीच्यांना खिडकीतून बघायला लावलं की त्यांचा चौकोनही गेला.

तिसऱ्या भेटीनंतर ठरवलं. बुधवार जसा आहे तसा राहील आणि त्या वेळी सगळ्यांनी आपापल्या घरूनच यायचं, शेजारी राहणाऱ्यांनीही एकत्र बसून नाही. दर महिन्याचा दुसरा शनिवार प्रत्यक्ष, तालुक्यातालुक्याला कुणाच्या तरी घरी पाळीनं. तेव्हा मोबाईल बंद. पावसाळ्यात किंवा माणसं जास्त असली तर पाळकसाहेबांनी शब्बाथ शाळेची खोली देऊ केलीय, लाइटबिलापुरते पैसे घेऊन. "तुम्ही वेगळी मंडळी काढताय का?" हे त्यांनी मला पूर्वी जरा दुखावून विचारलं होतं. रविवारी आमची माणसं त्यांच्याच बाकांवर दिसतात म्हटल्यावर ते सैलावले.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात गरजेची. प्रत्येक तालुक्यात चौघांची नावं. कुणी एक बुधवार न सांगता चुकला तर गुरुवारी त्या चौघांपैकी एकानं फोन करायचा, फोन लागला नाही तर शनिवारपर्यंत दारात जायचं. सगळ्यांचे पत्ते एका वहीत लिहून घेतले, पिनकोडसकट. तव्यापुढच्या बाईचा पत्ता वहीत नाही. तिच्यासाठी वेगळं ठरवलंय, ते आम्हा दोघींत.

चौऱ्याहत्तर हजार परत करायला मी डायरी घेऊन बसले. बऱ्याच जणांनी घेतले, काहींनी "प्रवासाला ठेवा" म्हणून सोडले. त्याचा हिशेब आता लॅबवाले भाऊ आणि वकिलांची बायको दोघं मिळून ठेवतात, महिन्याला सगळ्यांपुढं वाचतात. मागच्या महिन्यात आटपाडीच्या एका आजोबांना मिरजेला दवाखान्यात आणायचं गाडीभाडं त्यातूनच दिलं.

मला आजही कधी घंटेची आठवण येते. विश्रामबागेतून जाताना तो गाळा दिसतो, आता तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि मी मनात बाकं मांडून बघते. उद्या आमच्यातल्या तरुण पोरांना जागा करावीशी वाटली तर मी आडवी येणार नाही. फक्त त्यांना म्हणेन, आधी वर्षभर एकमेकांच्या घरी जेवा.

या महिन्याचा शनिवार कवठेमहांकाळला आहे, भाऊंच्या घरी. सुनेनं स्वतःहून पाळी मागितली. काल तिचा फोन आला. "काकू, किती जण येणार? दूध किती सांगू?" मी म्हटलं, बुधवारी विचारते आणि सांगते.